म्हशीला उणे, धोतराला अधिक

आमच्या म्हशीचा मी काढलेला पहिला फोटो बघून आई म्हणाली, "अगं, हिला कुणी राख फासली काय?"

म्हैस अशी काळीभोर, की पावसात भिजून गोठ्यात शिरली म्हणजे नुसते डोळेच दिसायचे. फोटोत मात्र ती करडी, मळकट, महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखी दिसत होती आणि तिच्यामागचं अंगण पांढरंफटक पडलं होतं. पुढचा फोटो आबांचा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मागे नुकताच चुना दिलेली भिंत. तो बघून मात्र आई चिडलीच. "सक्काळी नीळ घालून वाळवलंय मी ते धोतर. फोटूत असं मातेरं कसं झालं? लोक म्हणतील, नवऱ्याचे कपडेसुद्धा धुवत न्हाई ही."

ही २००६ सालच्या आषाढातली गोष्ट. पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि बेंदराला दोन दिवसांची रजा टाकून साताऱ्याकडे गावी आले होते. पाच मेगापिक्सेल, चार पट झूम आणि पोटात दोन पेन्सिल सेल. खोक्यात सोबत आलेलं कार्ड १६ एमबीचं, म्हणजे नीट दर्जाचे सात-आठ फोटो काढले की संपलं. तरी माझा तोरा मोठा होता. ३६ फोटोंचा रोल भरायला वर्ष लावणाऱ्या घरातली मी. दिवाळी, बारसं आणि कुणाची तरी सहल एकाच रोलमध्ये धुऊन यायची. आता काढा, बघा, पुसा. फुकट!

फुकट म्हणता म्हणता सेल संपले. गावातल्या दुकानातून आणलेल्या नव्या जोडीवर जेमतेम दहा फोटो निघाले आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. दुसऱ्या जोडीचंही तेच. दुकानदारानं जुना माल खपवला असं म्हणून मी चरफडत होते. आईनं ते 'मेलेले' सेल उचलून भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर घड्याळ दिवाळीपर्यंत बिनबोभाट चाललं. दुकानदार बिचारा निर्दोष होता. घड्याळ चमच्यानं वीज पितं. कॅमेरा फ्लॅश भरताना, झूमची नळी बाहेर काढताना एकदम तांब्या तोंडाला लावतो, आणि साध्या सेलचा तेवढा दम नसतो. हे कळल्यावर चार्ज होणारे सेल घेतले. एक जोडी कॅमेऱ्यात आणि एक पर्समध्ये रुमालात गुंडाळून.

बेंदराच्या मिरवणुकीत मी काढलेले बैल बघायचे असतील तर शेपट्यांची आवड हवी. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, सगळं समोरून येताना दिसे. मी बटण दाबी, कॅमेरा क्षणभर विचारात पडे, आणि त्याचा विचार होईपर्यंत बैल पुढे गेलेला. चौदा फोटो, त्यात अकरा शेपट्या.

शेवटी तालुक्याच्या गावी आमच्या शाळेचे ग्रुप फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे दोन भिंगांचा जुना याशिका होता. छातीशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं आणि एका रोलवर चौरस १२ फोटो. त्यावर त्यांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं केली होती. (फोटोग्राफर लोक 'लग्नं काढली' म्हणत नाहीत, 'केली' म्हणतात. भटजींसारखंच.) माझा कॅमेरा त्यांनी हातात घेऊन साबणाच्या वडीसारखा उलटसुलट केला, बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अर्धं दाबतेस का कधी?"

अर्धं दाबायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. अर्ध्यावर कॅमेरा फोकस आणि उजेडाचा हिशेब करून घेतो, मग बोट तसंच धरून थांबायचं आणि बैल चौकटीत आला की उरलेलं दाबायचं. "मांजर कसं दबा धरतं? तसं," काका म्हणाले. माहितीपुस्तिकेत हे तिसऱ्याच पानावर होतं. माहितीपुस्तिका मी ठेवली होती कपाटात, वॉरंटी कार्डाबरोबर.

मग मी भीत भीत म्हैस आणि धोतर दाखवलं. काका हसले नाहीत. ड्रॉवरमधून करड्या रंगाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फिरतो, असं ते कार्ड.

"हे बघ बाळ, तुझ्या कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही आणि धोतरही कळत नाही. उजेड किती आला एवढंच कळतं. आणि जगातलं सगळं काळं-पांढरं ढवळलं तर साधारण हा असा रंग होतो, असं त्याला पढवून पाठवलंय. म्हशीवर धरलास, त्याला वाटलं उजेड फारच कमी, म्हणून त्यानं वाढवला. धोतरावर धरलास, त्याला वाटलं फार झाला, म्हणून कापला. दोघांना ओढून या कार्डावर आणून ठेवलं."

"मग काय करायचं, काका?"

त्यांनी अधिक-उणेची खूण असलेलं बटण दाखवलं. पंचाईत अशी, की माझं डोकं नेमकं उलटं चालत होतं. धोतर पांढरं आहे, आधीच लख्ख आहे, तर उजेड कमी करायला हवा ना? नाही. पांढरं पांढरं राहावं म्हणून उजेड वाढवायचा, आणि काळं काळं राहावं म्हणून कमी करायचा. घरी परतताना एसटीत तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं: म्हशीला उणे, धोतराला अधिक. पुढे कितीतरी वर्षांनी मनालीला बर्फ बघितला तेव्हा सगळे 'वॉव' करत होते आणि मी पुटपुटत होते, धोतर, धोतर. बर्फाचा फोटो कळकट येतो तो याच कारणानं.

भिंगाच्या भोकाचे आकडे मात्र काकांनाही मला समजावता आले नाहीत. आकडा वाढला की भोक लहान होतं, हे काय म्हणून? एफ २ मोठं आणि एफ ८ बारीक? ते कोडं सोडवलं आबांनी, आणि तेही कॅमेऱ्याला हात न लावता. त्यांचे वडील किराणा विकायचे. मी सांगितलं की हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थचा) कितवा हिस्सा भोकाच्या रुंदीला दिलाय तो. आबा म्हणाले, "मग यात अवघड काय? अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक." शेराचा अर्धा, पाव, आठवा, सोळावा. २, ४, ८, १६! छटाकाचा आकडा मोठा म्हणून माप मोठं होतं का? त्या दिवसापासून मला एफ ८ म्हणजे नवटाकच दिसते. फक्त एक खाचखळगा आहे. रुंदी निम्मी झाली की भोकाचं क्षेत्रफळ पाव होतं, त्यामुळे अच्छेरावरून पावशेरावर आलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा येतो. निम्मा हवा तर मधल्या २.८वर थांबावं लागतं. हा हिशेब आबांनी मान्य केला नाही. वजनात असं कधी होत नाही, म्हणाले.

फ्लॅशचं शहाणपण ग्रामदैवताच्या पालखीनं दिलं. रात्रीची वेळ, पालखी तीस-चाळीस पावलांवर, मी गर्दीत टाचा उंचावून फ्लॅश मारला. फोटोत पालखी नव्हती. पुढच्या माणसाच्या टोपीची शिवण मात्र टाक्यासकट मोजता येत होती. एवढ्याशा फ्लॅशचा उजेड जातो तीन-चार मीटर, पुढे काळोख. तेव्हापासून फ्लॅश बंद करून कॅमेरा देवळाच्या कठड्यावर टेकवते आणि श्वास रोखते. माणसं हलतात, धूसर होतात, पण मशालीचा खरा उजेड येतो. मला ते हललेले फोटो जास्त आवडतात. काकांना नाही आवडत. त्यांच्या मते हललेल्या फोटोचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

दिवाळीत पुन्हा गावी गेले ती आबांचा फोटो काढायचाच असं ठरवून. पावसाळा सरून आभाळ निळंशार झालेलं. आईनं आदल्या दिवशी धोतर धुऊन, खळ देऊन, घडी गादीखाली दाबून ठेवली होती. आबांना उन्हात डोळे मिटायची खोड, म्हणून उत्तरेच्या पडवीत सावलीत बसवलं. अधिक एक केलं. अर्धं दाबलं. आबा फोटोसाठी पोट आत घेतात, ते सोडेपर्यंत थांबले, आणि उरलेलं दाबलं. स्क्रीनवर पांढरं धोतर खरंच पांढरं होतं, चुण्यासुद्धा दिसत होत्या. काकांच्या स्टुडिओत आठ बाय बाराची प्रिंट काढून आणली.

त्यात माझी एक चूक राहिली होती. रंगांची ती सोय, व्हाइट बॅलन्स, मी हुशारीनं सूर्याच्या चित्रावर ठेवली होती, आणि सावलीत सूर्य नसतो, वरचं आभाळच उजेड पाडत असतं. कॅमेऱ्यानं आभाळाचा निळा रंग जसाच्या तसा धोतरावर उतरवला होता. काकांनी बिल करताना ते सांगितलं. पुन्हा सारखं करून काढायचं तर आणखी पैसे, म्हणून मी तशीच घरी घेऊन आले.

आईनं चष्मा लावून फोटो उंबऱ्यापाशी उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"आबा झ्याक आलेत," म्हणाली. "पर नीळ जरा जास्तच पडली न्हवं गं औंदा?"

आणि खरंच उठून परसात गेली, दोरीवरच्या दुसऱ्या धोतराचा सोगा हातात घेऊन बघायला.