सहा वेळा ‘सोडवलेलं’ वायफाय

‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.’ हा मेसेज माझ्या फोनमध्ये सहा वेळा आहे. मुद्दाम ठेवलाय. तक्रार सहाही वेळा एकच होती.

नवं इंटरनेट कनेक्शन घेतलं तो भाग सुरळीत झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. राउटर भिंतीवर बसला, दोन फोन, नवऱ्याचा नवा लॅपटॉप, माझा जुना लॅपटॉप आणि प्रिंटर असे सगळे त्याच दिवशी जोडले गेले.

आठवड्याभराने एका सकाळी माझ्या लॅपटॉपवर आमच्या वायफायचं नावच दिसेना. शेजाऱ्यांची सगळी नावं यादीत होती, फक्त आमचं नव्हतं. मी राउटरच्या खाली खुर्ची टाकून बसले, तरी नाही. फोनवर मात्र त्याच क्षणी पूर्ण रेंज!

आता इथे मी जे केलं ते तुम्ही करू नका. एअरप्लेन मोड चालू-बंद केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, इथवर ठीक. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचं वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, काढला. काढून मशीन पुन्हा सुरू केलं की विंडोज बहुतेक वेळा तो आपणहून परत बसवतं. पण काढताना खाली ‘ड्रायव्हरची फाइलही पुसून टाका’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर मी उत्साहाने टिक केली. म्हणजे आता इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं. शेवटी फोन केबलने लॅपटॉपला लावला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. याला लॅपटॉपचं वायफाय लागतच नाही, नेट केबलमधून येतं. ही युक्ती आधी माहीत असती तर अर्धा दिवस वाचला असता. ड्रायव्हर परत बसला आणि आमचं नाव तरीही दिसेना.

मग हेल्पलाइन.

पहिल्या फोनला वीस मिनिटं संगीत ऐकलं. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता, ते आधीच सांगते. ‘मॅडम, राउटरवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागलाय का?’ नाही. (हा दिवा लाल झाला तर बाहेरून येणाऱ्या फायबरचा सिग्नल तुटलेला असतो. तसं असेल तर घरात काही खुडबुड करू नका, सरळ तक्रार करा.) ‘मग राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा.’ केलं. दोन मिनिटांत लॅपटॉपवर आमचं नाव हजर. मला स्वतःचीच लाज वाटली, एवढ्याशासाठी त्या पोराला त्रास दिला म्हणून. मेसेज क्रमांक एक आला.

पाच दिवसांनी तेच. फोन, संगीत, लाल दिवा, तीस सेकंद, नाव हजर, मेसेज क्रमांक दोन.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. फोन लावण्याआधीच राउटर बंद-चालू केला. नाव आलं नाही. मग फोन केला, तर त्यांनी पुन्हा बंद-चालू करायला लावला. ‘आत्ताच केलाय हो,’ म्हटलं. ‘तरी एकदा करा मॅडम.’ केला, आणि आलं! पलीकडून ‘झालं ना मॅडम?’ हे ज्या सुरात आलं, तो सूर मला अजून आठवतो. जणू त्यांच्या सांगण्यावरून केलेल्या रीस्टार्टला वेगळा गुण येतो. खरं तर इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. एकच उपाय एकदा लागू पडतो आणि पाच मिनिटांपूर्वी पडत नाही, तेव्हा तो उपाय नसतो, नशीब असतं. पण मी तेव्हा वैतागलेली होते. घंटा वगैरे वैतागलेल्या माणसाला ऐकू येत नाहीत.

चौथ्या तक्रारीला माणूस घरी आला. चुणचुणीत पोरगा. राउटरसमोर उभं राहून स्वतःच्या फोनवर स्पीड मोजला, आकडा मला दाखवला. ‘ताई, नेट तर फुल आहे. लॅपटॉप जुना झालाय तुमचा.’ राउटरचं सेटिंग उघडून बघ म्हटलं, तर म्हणाला, ते वरून होतं. ‘वरून’ म्हणजे कुठून, ते त्यालाही नक्की माहीत नसावं. मला राग याचा आला की त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. लॅपटॉप खरंच जुना आहे. भावाने कधीकाळी अमेरिकेत घेतलेला, तिथून माझ्याकडे आलेला.

म्हणून मी वायफायचं डोंगल मागवलं, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून लावायचं छोटं वायफाय कार्ड. लावलं आणि चाललं. लॅपटॉपच्या पोटातलं कार्ड मेलंय असा निकाल लावून मी मोकळी झाले. नवऱ्याने ‘मी म्हणत होतोच’ हे वाक्यही उच्चारून घेतलं. दोन आठवडे शांततेत गेले.

मग प्रिंटर गेला. त्याच्या छोट्या पडद्यावर ‘नेटवर्क सापडत नाही’. पाचव्या तक्रारीवर उत्तर मिळालं की प्रिंटर आमच्या अखत्यारीत येत नाही, आणि राउटर मात्र बंद-चालू करून पाहा. पाहिला. प्रिंटर आला. मेसेज क्रमांक पाच.

सहाव्या तक्रारीचा फोन मी कधी विसरणार नाही. मी ठरवलं होतं की या वेळी राउटरला हात लावायचा नाही. बिघाड चालू आहे तोवरच त्यांना बघू दे. म्हटलं, ‘हे पाहा, रीस्टार्ट केला की चालू होतं, हे मला पाठ आहे. मला कारण हवंय. रीस्टार्ट न करता काय बघता येईल ते सांगा.’ थोडी शांतता. मग पलीकडचा मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही रीस्टार्ट केला असं टाकल्याशिवाय माझ्या स्क्रीनवर पुढची स्टेपच येत नाही.’

मी म्हटलं, टाका, केला. खोटं बोलले. पुढची स्टेप होती ‘टेक्निकल टीमकडे पाठवणे’. अठ्ठेचाळीस तासांत बघतील म्हणाला. त्या मानाने फारच लवकर बघितलं. तासाभरात भिंतीवरच्या राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि हळूहळू परत लागले. टेक्निकल टीमने तिकडून रीस्टार्ट केला होता. प्रिंटर आला. मेसेज क्रमांक सहा. पुरावा माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला.

त्या दिवसापासून मी हेल्पलाइनला फोन केलेला नाही.

पुढच्या आठवड्यात रात्री लाईट गेली आणि पहाटे आली. सकाळी प्रिंटर गायब. तेव्हा कुठे आठवलं की पहिल्या वेळीही आदल्या रात्री लाईट गेली होती. म्हणजे राउटर नव्याने सुरू झाला की बिघाड जातो तसाच येतोही! दर वेळी फासे पडत होते आणि आम्ही चांगल्या दानाला दुरुस्ती म्हणत होतो.

राउटरला हात न लावता डोंगल काढून ठेवलं. लॅपटॉपच्या मूळच्या कार्डालाही आमचं नाव दिसत नव्हतं. जुना लॅपटॉप आणि नंतर घेतलेला प्रिंटर, दोघांची दृष्टी एकाच वेळी कशी जाईल? घरचं वायफाय साधारण दोन रेडिओ-पट्ट्यांवर चालतं, जुना २.४ गिगाहर्ट्झ आणि नवा ५ गिगाहर्ट्झ. मग फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून चालू केला, तर दोघांनाही तो लगेच दिसला. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. दोन मिनिटांत कळतं की दोष मशीनचा की राउटरचा. डोंगल घेण्याची गरज नव्हती, हेही त्यातूनच कळलं, पण ते जाऊ दे. ते चाललं ते ५ गिगाहर्ट्झही पकडतं म्हणून. फोन आणि नवऱ्याचा लॅपटॉप यांनाही म्हणूनच कधी काही झालं नाही. माझं जुनं कार्ड आणि प्रिंटर फक्त २.४ वाले.

गाठ सुटली ती प्रिंटरच्या माहितीपत्रकात. कोणी वाचत नाही अशा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: २.४ गिगाहर्ट्झ, चॅनेल १ ते ११. (चॅनेल म्हणजे त्या पट्ट्यातले क्रमांक दिलेले कप्पे.)

फोनवर आसपासच्या वायफायचे आलेख दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकलं. शेजारपाजारच्या सगळ्यांचे डोंगर १, ६ आणि ११ च्या आसपास एकमेकांवर चढलेले, आणि आमचा एकटा, पार उजव्या टोकाला, १३ वर.

प्रकार असा आहे. २.४ च्या पट्ट्यात बहुतेक देशांत १ ते १३ चॅनेल वापरता येतात. १३ वा २४७२ मेगाहर्ट्झवर येतो. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतच वापरतात, म्हणून त्या बाजारासाठी बनलेली किंवा तेच सेटिंग धरून चालणारी बरीच उपकरणं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत. (जपानमध्ये १४ वाही आहे, पण तो फक्त अगदी जुन्या प्रकारच्या वायफायसाठी.) आमच्या राउटरचं चॅनेल ‘ऑटो’वर होतं. सुरू होताना तो आजूबाजूला कान देतो आणि जिथे गर्दी कमी तिथे जाऊन बसतो. सगळे शेजारी १ ते ११ मध्ये कोंबलेले असताना मोकळी जागा कुठली, तर १२ आणि १३. राउटर बिचारा आपलं काम चोख करत होता. माझा लॅपटॉप आणि प्रिंटर त्याला ऐकू शकत नव्हते, इतकंच.

हे कळल्यावर जो आनंद झाला तो घरात कोणालाही नीट समजावता आला नाही.

आता सेटिंग बदलायचं तर राउटरचा ॲडमिन पासवर्ड हवा. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. तो राउटरच्या स्टिकरवर असतो, स्टिकर पाठीवर, आणि पाठ भिंतीकडे. फोन आडवा करून फटीत सरकवला, तीन वेळा भिंतीचाच फोटो आला, चौथ्यांदा अक्षरं वाचता आली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं आणि पान उघडलं. सगळ्या राउटरचा पत्ता हाच नसतो. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर जो दिसतो तो तुमचा.

आत २.४ च्या भागात चॅनेल ‘ऑटो’ काढून ६ केलं, कारण आमच्याकडे त्यातल्या त्यात तिथे गर्दी कमी होती. निवडायचं १, ६ किंवा ११ मधूनच. मधला रिकामा दिसतो म्हणून ३ किंवा ४ घेऊ नका. चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका राउटरचा आवाज २० मेगाहर्ट्झ पसरतो, त्यामुळे मध्ये बसलात की दोन्हीकडच्यांशी भांडण. तिथेच ‘चॅनेल विड्थ’ ४० असेल तर २० करा. सेव्ह केलं. प्रिंटरचा दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. मी उठून एक कोरा कागद छापला, उगीचच.

एक सांगायचं राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. वायफाय बंद पडलं की पहिल्यांदा बघा, यादीत नाव दिसतं का. माझं दिसत नव्हतं, म्हणून हे सगळं. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, तर पासवर्ड बघा, किंवा राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलीय का ते बघा, जुन्या उपकरणांना ती कळत नाही. जोडलं जातं पण नेट नाही, तर आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो का पाहा. होत असेल तर राउटरने मशीनला पत्ताच दिलेला नाही. पत्ता नीट आहे, राउटरचं पान उघडतं आणि घरातल्या कुठल्याच मशीनवर बाहेरचं काही उघडत नाही, तेव्हा मात्र हेल्पलाइन, आणि देव तुमचं भलं करो.

आणि रीस्टार्ट करण्याआधी बिघडलेल्या अवस्थेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विंडोजमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची) जोडलेलं वायफाय कोणत्या चॅनेलवर आहे ते दाखवते. मॅकवर ऑप्शन की दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की तेच दिसतं. मी दर वेळी चालू आणि बंद, दोन्ही वेळचे चॅनेल (बंद असताना फोनवरच्या त्या ॲपमधून) टिपले असते तर दुसऱ्याच वेळी सापडलं असतं.

मागच्या महिन्यात प्रिंटर पुन्हा गायब झाला. ॲप उघडलं, तर आम्ही १२ वर. कंपनीने ‘वरून’ राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं आणि त्यात चॅनेल परत ऑटो झालं होतं. दोन मिनिटांत ६ केलं. ॲडमिन पासवर्ड आता प्रिंटरच्या झाकणाच्या आत चिकटवलाय, आणि चॅनेलचा आकडा त्याच्याखाली पेनने लिहिलाय.