दक्षिणचित्र: घरातली सगळ्यात चांगली जागा कुणाची?

चेन्नईहून महाबलीपुरमला निघालेल्या बऱ्याच गाड्या वाटेत मुट्टुकाडूला अर्धा तास थांबतात. मंडळी उतरतात, दोन-तीन घरांसमोर फोटो काढतात, मातीची एखादी घंटा विकत घेतात आणि पुढे जातात. दक्षिणचित्र असंच बघायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाचवा आणि रस्त्यावर निवांत शहाळं प्या. आम्ही सकाळी दहाला आत शिरलो आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडलो, तरी आंध्रचा भाग घाईतच उरकावा लागला.

आधी ही जागा काय आहे ते सांगते: दक्षिण भारतातल्या जुन्या घरांचं ग्रामसंग्रहालय. डेबोरा त्यागराजन या मूळच्या अमेरिकन बाई लग्नानंतर तमिळनाडूत स्थायिक झाल्या. चेट्टिनाडचे, म्हणजे चेट्टियार व्यापाऱ्यांच्या मुलखातले, जुने वाडे पाडले जात होते, त्यांचे सागवानी खांब आणि कोरीव दारं जुन्या बाजारात विकली जात होती, हे त्या बघत होत्या. १९८४ साली त्यांनी मद्रास क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था सुरू केली आणि डिसेंबर १९९६मध्ये दक्षिणचित्र लोकांसाठी उघडलं. जागेचा मूळ आराखडा केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांचा, पुढचं काम त्यांच्या मुशीतले वास्तुविशारद बेनी कुरियाकोस यांनी केलं. सुमारे दहा एकरांत तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणातली मिळून अठराएक घरं आहेत. यातली मोठी घरं नकला नाहीत. मालक पाडायला निघालेले वाडे विकत घेऊन, तुळया-खांब सुटे करून, पारंपरिक सुतारांकडून इथे पुन्हा उभे केलेले आहेत. आत जाताना उंबऱ्याकडे बघा. मधोमध झिजलेला उंबरा नवा बनवता येत नाही.

सुरुवातीला माहितीपट दाखवतात तो बघाच, लहानच आहे. त्यानंतर मात्र पाट्या वाचत फिरण्यापेक्षा प्रत्येक घरात एकच प्रश्न घेऊन शिरा: या घराने आपली सगळ्यात चांगली जागा कुणाला दिली आहे? आम्हाला ही युक्ती दुसऱ्या-तिसऱ्या घरात सुचली आणि नंतर सगळं भराभर उलगडत गेलं.

चेट्टियार व्यापाऱ्याचं घर घ्या. ब्रह्मदेश, मलाया, सिलोनमध्ये सावकारी करून आलेला पैसा दर्शनी भागात मांडलेला आहे. ब्रह्मी सागाचे हाताच्या कवेत न मावणारे खांब, आरशासारखा गुळगुळीत गिलावा, आणि रस्त्याकडे तोंड करून प्रशस्त तिण्णै, म्हणजे आपली ओटी. सगळ्यात चांगली जागा आल्यागेल्याची, कारण सौदे तिथेच ठरायचे. बायकांचा वावर मागच्या अंगाला. अग्रहारातलं, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीतलं, घर याच्या उलट, अरुंद आणि लांबच लांब. शेजारच्या घराशी भिंत सामाईक. पुढच्या दारात उभं राहिलं की थेट परसदार दिसतं, वारा आरपार जातो. भर दुपारी पंख्याशिवाय तिथे बसवत होतं.

केरळच्या भागात पोचलात की छपरं एकदम खाली येतात. पाऊसच तसा पडतो, त्यामुळे उतार तीव्र आणि वळचण एवढी पुढे आलेली की उंच माणसाने वाकूनच आत जावं. कोट्टयमजवळच्या पुदुपल्लीहून आणलेलं सीरियन ख्रिश्चन कुटुंबाचं घर १८५०चं आहे आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं. भिंतीच लाकडाच्या, सागाच्या आणि फणसाच्या. घराच्या मुख्य भागी काय आहे? भाताचं कोठार. त्याला 'अरा' म्हणतात. माणसं कोठाराच्या अवतीभवती राहतात, असंच म्हणायला हवं. कोकणातल्या लोकांना इथे करमेल: मलबारात बांधकामाला वापरतात तो दगड म्हणजे आपला जांभाच, आणि अंगणातल्या सावलीचा वासही ओळखीचा वाटतो.

कर्नाटकात फक्त दोनच घरं लक्षात राहतात. चिकमगळूरचं मुसलमान कुटुंबाचं घर देखणं आहे, पण आमचा सगळा वेळ इरकलच्या विणकराच्या घराने खाल्ला. बागलकोट जिल्ह्यातलं इल्कल, म्हणजे आपलं इरकल. आई सोलापूरची. आयुष्यभर इरकली नेसलेली. जाड दगडी भिंती आणि सपाट छत बघून ती म्हणाली, "अगं, हे तर आपलं माळवदाचं घर!" आत गेल्यावर पहिल्याच खोलीत, दारातून उजेड येतो तिथे, जमिनीत खड्डा आणि त्यावर माग. इथे घरातली चांगली जागा मागाची. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायाने पावड्या हलवायच्या. जमिनीचा गारवा आणि ओल यामुळे कोरड्या हवेतही सूत तुटत नाही, म्हणून माग खड्ड्यात.

आम्ही गेलो तेव्हा मागावर कुणी नव्हतं, त्यामुळे माहिती द्यायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. शेजारी एक तमिळ कुटुंब उभं होतं, त्यांना ती चक्क मराठीतून टोपपदर समजावत होती. इरकल साडीचं अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळे असतात, अंगाचा बहुधा सुती आणि पदराचा रेशमी. विणताना दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात, त्याला तिकडे कोंडी म्हणतात. म्हणून पदराचा लाल रंग अंगात न मिसळता एका रेषेत सुरू होतो. लाल पदरावरचे पांढरे कंगोरे म्हणजे टोपतेनी. साडी घेताना उलट बाजूने ही जोडाची रेघ बघा, असं आईचं सांगणं. यंत्रमागाच्या नकलेत ती सापडत नाही. त्या कुटुंबाला किती कळलं देव जाणे, पण त्यातल्या आजींनी आपल्या कांजीवरमचा काठ उलटून दाखवला आणि दोघींचं जमलं.

त्या आजींच्याच साडीचं घर तमिळ भागात आहे, कांचीपुरमच्या रेशीम विणकराचं. दोन्ही एकापाठोपाठ बघता आली तर उत्तम. कांचीपुरममध्ये ताणा ताणायला घर पुरत नाही, म्हणून सकाळी ते काम रस्त्यावर चालतं, सगळी गल्लीच कारखाना होते. तेलंगणाच्या विणकराच्या घरात इकतचं काम आहे. तिथे नक्षी मागावर ठरत नाही. सूत आधी बांधून रंगवतात, बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, आणि मग विणताना ठिपके जुळून आकृती तयार होते. आकृतीची कड किंचित पसरट दिसते ती त्यामुळेच.

किनारी आंध्रचं गोल घर शेवटी येतं आणि तिथे पोचेपर्यंत लोक दमलेले असतात. दमू नका. मातीच्या गोल भिंती आणि ताडाच्या पानांचं जवळजवळ जमिनीला टेकलेलं शंकूसारखं छप्पर. वादळी वाऱ्याला अडवायला सपाट भिंतच नाही, वारा वळून निघून जातो. बंगालच्या उपसागराची चक्रीवादळं ज्यांच्या दारात येतात त्यांनी काढलेली ही तोड. बाहेर चाळीस अंशांना टेकलेलं ऊन असतानाही आत गारवा होता.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती बहुधा सगळ्याच ग्रामसंग्रहालयांची मर्यादा असावी. सगळं फार स्वच्छ आहे. गोठ्याचा वास नाही, चुलीचा धूर नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत, कुणी कुणावर ओरडत नाही. कुंभाराच्या आणि बुरुडाच्या लहान घरांसमोर उभं राहून गरिबी फारच नीटनेटकी वाटायला लागते. त्यामुळे जिथे काम चालू असेल तिथे जास्त वेळ द्या. चाकावरचा कुंभार, काच वितळवून चिमुकली हरणं-हंस ओढणारा कारागीर, टोपल्या विणणाऱ्या बायका. मुलांना चाकावर बसू देतात, ठसेछपाई करू देतात, त्याचे थोडे पैसे वेगळे पडतात. कुठल्या दिवशी कोण कारागीर आहेत ते तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्या आणि तिथूनच सुरुवात करा, कारण जेवणाच्या वेळी तेही उठतात. अय्यनारच्या ठाण्यापुढचे मातीचे मोठे घोडे बघायला विसरू नका. गावाच्या वेशीवरचा हा राखणदार देव, आपल्या म्हसोबा-वेताळांच्या नात्यातला.

जेवण आवारातच होतं. केळीच्या पानावरचं तमिळ जेवण ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पानावर पाणी शिंपडून ते हाताने निपटून टाकायचं. भात एकदाच वाढून घेऊ नका, तो तीनदा येतो: पहिला सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, तिसरा ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर. पहिल्याच फेरीत पोट भरलं तर रसमभाताला मुकाल, आणि तो चुकवण्यासारखा नसतो. पोरियल म्हणजे खोबरं घातलेली कोरडी भाजी, कूटू म्हणजे डाळ घालून शिजवलेली पातळसर, अप्पळम म्हणजे पापड. पायसम गोड. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात लागला ही कथा आपल्याकडे मोठ्या चवीने सांगतात. आख्यायिका म्हणून छान आहे, वाढप्याला ऐकवायला जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी एकनंतर गर्दी होते, साडेबाराला बसावं. तिखट सोसत नसेल तर मिरी घातलेल्या रसमपासून जपून.

आता जायचं कसं. मुंबई-पुण्याहून सोलापूरमार्गे चेन्नईला थेट गाड्या आहेत, जवळजवळ एक दिवस लागतो. दक्षिणचित्र शहराच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर, साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. महाबलीपुरमची सरकारी बस इथून जाते, पण चढताना 'ईसीआर'वरून जाणारी आहे ना हे विचारा, काही बस आतल्या आयटीच्या रस्त्याने जातात आणि मग तुम्ही भलतीकडे उतरता. कंडक्टरला 'मुट्टुकाडू, दक्षिणचित्रा' सांगा. एमजीएम हे मनोरंजन उद्यान दिसलं की उठून दाराशी यायचं. गाडी केलीत तर थांबण्याचे तास आधीच ठरवून घ्या. वाटेत उत्तंडीला टोल आहे, तो कोण देणार हेही.

वेळ दहा ते सहा, मंगळवारी बंद. चार तास तरी हाताशी ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते, पण शाळांच्या सहली त्याच दिवसांत येतात. जानेवारीच्या मध्यात पोंगलला आवार सजतं, कार्यक्रम असतात आणि गर्दीही. एप्रिल-मे टाळा, आम्ही टाळला नाही आणि टोप्या तिथेच विकत घेतल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा खरा पाऊस असतो, आपल्या हिशेबाने जाऊन भिजू नका. पायात सहज निघणाऱ्या चपला असाव्यात, घरांत शिरताना सारखी काढघाल होते. गुडघेदुखीवाल्यांना उंच उंबरे आणि खडबडीत वाटा त्रास देतात, मात्र प्रत्येक घराला बसायला ओटी आहे. आई निम्मा दिवस ओट्यांवरच होती. संध्याकाळसाठी डास पळवणारं मलम न्या.

खरेदी बाजारात करा, पण शेवटी. आधी घरं बघितलीत तर कशासाठी पैसे मोजतोय ते कळतं. कारागीर स्वतः विकत असेल तिथे घासाघीस करायचा मोह आवरा. मातीच्या वस्तू घेतल्या तर वर्तमानपत्र मागून घ्या आणि सामानात न टाकता हातात ठेवा.

जोडून बघायचं असेल तर शहराच्या बाजूला इंजंबाक्कमला १९६६ सालचं चोळमंडल कलाग्राम आहे, चित्रकारांनी स्वतः वसवलेलं. पुढे महाबलीपुरमच्या वाटेवर मगरींचं उद्यान, ते सोमवारी बंद. त्यामुळे सोमवार-मंगळवार महाबलीपुरमच्या मंदिरांसाठी ठेवा आणि दक्षिणचित्रला बुधवारी किंवा गुरुवारी या. एकाच दिवसात महाबलीपुरम आणि हे दोन्ही करायचं असेल तर सूर्योदयाला मंदिरं उरकून परतताना इथे थांबणं बरं, उन्हाच्या वेळी निदान डोक्यावर छप्पर तरी मिळेल.