पयले दवाखाना व्हता: धुळे ते तापीकाठ

धुळ्याच्या बसस्टँडवर रिक्षावाल्याला नुसतं 'सिव्हिल' म्हटलं तर तो उलट विचारतो, साक्री रोडचं की चक्करबर्डीचं? 1989 साली धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज निघालं आणि जुनं सिव्हिल त्याला जोडलं गेलं. पुढे कॉलेजचं रुग्णालय चक्करबर्डीला गेलं, साक्री रोडची जागा जिल्हा रुग्णालयाकडे राहिली. हाक मात्र दोन्हीकडे 'सिव्हिल' हीच. जळगावला 2018 मध्ये मेडिकल कॉलेज आलं, तेही असंच चालत्या सिव्हिलला जोडून.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. गल्ल्यांना नंबर देणारं हे गाव दवाखान्याला पत्ता देताना का गोंधळतं, हे कोडंच.

पण अशा दवाखान्याची जुनी इमारत नीट बघायची तर चालत्या सिव्हिलमध्ये जाऊ नये. तिथे पेशंट असतात आणि आपण अडचण होतो. म्हणून तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी गेलो. दवाखाना कधीच बायपासच्या नव्या ग्रामीण रुग्णालयात गेलेला. फाटकापाशी बसलेल्या आजोबांनी अहिराणीत इतिहास दोन वाक्यांत संपवला: "पयले दवाखाना व्हता. आते गोदाम शे."

वॉर्ड लांबोडका, पूर्व-पश्चिम. त्यामुळे पश्चिमेचं ऊन फक्त अरुंद भिंतीवर येतं. लांब भिंतींत खिडक्या समोरासमोर आणि दोन खिडक्यांच्या मध्ये एक खाट मावेल एवढीच भिंत. वर झरोके, आढ्याजवळ हवा जायला फट, दोन्ही बाजूंना व्हरांडा. संडास वॉर्डाच्या टोकाला, मध्ये उघडा बोळ सोडून. शवागार तर आवाराच्या पार कोपऱ्यात. एकोणिसाव्या शतकात रोग दूषित हवेने होतो असं मानत, आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आग्रह धरलेली ही रचना त्याच समजुतीवर उभी आहे. समजूत चुकली, खिडक्या बरोबर ठरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये नैसर्गिक वायुवीजनासाठी दिलेले आकडे असे: साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर हवा, हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी 160. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील तर जुना वॉर्ड हे गणित बिनपंख्याचं सोडवू शकतो. पीओपीचं छत टाकून झरोके झाकले, मधोमध प्लायवूडच्या भिंती घालून टेबलं मांडली, की गणित बसत नाही. मग एसी लागतो, एसीला खिडक्या बंद लागतात.

1897 च्या साथरोग कायद्याने प्लेगच्या काळात सरकारला विलगीकरणाचे अधिकार मिळाले. तोच कायदा 2020 मध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर काढला. इथेही तेव्हा काही महिने खाटा परत आल्या. त्यासाठी पोती हलवली तेव्हा भिंत उघडी पडली, आणि खरा रोग दिसला.

गोदामात वर्षानुवर्षं खतं होती. युरिया, पोटॅश. पोती भिंतीला टेकून रचलेली. त्यांचे क्षार चुन्याच्या सांध्यांत शिरतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. पोती गेली तरी पावसाळ्यात भिंत तेवढ्याच पट्ट्यात ओली होते. लोक त्याला गळती समजतात आणि कौलं बदलत बसतात. इथे कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता. सिमेंट ओल बाहेर येऊ देत नाही, म्हणून ओल वर चढली आणि गिलाव्याच्या वरच्या काठाशी दगडावर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटला.

दुरुस्तीचा क्रम ऋतूंना धरून आहे, ठेकेदाराच्या बिलाला नाही. फेब्रुवारीत सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढायचा, ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत. ब्रेकर लावायचा नाही, जुने सांधे हलतात. सांधे पाऊण इंच खोल खरवडून कोरड्या ब्रशने झाडायचे. पाणी मारलं तर क्षार पुन्हा आत जातात. नंतर माती-वाळूचा ओला लेप चढवायचा, तो सुकून तडकला की काढून लांब फेकायचा. असं दोन-तीनदा. एप्रिल-मे भिंत उघडी ठेवायची. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी तिच्यापासून दूर काढायचं. नवा गिलावा दिवाळीनंतरच. भिजवून किमान तीन आठवडे मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवायचा. मे महिन्यात हे केलं तर खानदेशची झळ चुना आवळण्याआधीच त्याचं पाणी शोषते आणि हात लावला की गिलावा भुकटी होतो.

कौलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. इथे ती फुटतात ती वानरांमुळे. वेळेवर बदलली नाहीत तर कौलांखालची रीप कुजते, मग वासा.

काळ्या जमिनीचा त्रास मात्र मोठा. नंतर कुणीतरी वॉर्डाच्या मधोमध संडास बांधला. त्याची गळती पायाखाली मुरते, माती एका बाजूला फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर जाते. भेग बुजवून उपयोग नाही, आधी नळ बंद करा.

एवढी इमारत पडून का राहते? कारण ती नक्की कुणाची, हे कागदावर तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं. दवाखाना नगरपालिकेने चालवलेला, देखभाल सार्वजनिक बांधकामची, आणि 1962 नंतर ग्रामीण आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे गेली. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य खात्याचं. म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा. कोनशिलेवरचं नाव मालकाचं असेलच असं नाही, बहुतेकदा ते देणगीदाराचं असतं.

बघायला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहाच्या आत. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि लोणा फुटलेला पट्टा लांबूनही दिसतो. गोदामाची किल्ली नव्या रुग्णालयात नसते, नगरपालिकेच्या भांडार विभागात विचारा. ती मिळाली नाही तर व्हरांड्यातून फिरा. झरोके बाहेरूनही मोजता येतात.