झिजलेली कड

आईच्या उलथन्याची डावी कड गेली आहे. उजव्या हाताने वर्षानुवर्षं कढईच्या बुडाची खरवड काढली की लोखंडही पार झिजून जातं. नवं आणून दिलं, तर दोन दिवसांनी ते ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलं. "ते हाताला बसत नाही," एवढंच म्हणाली.

अमेरिकेतला कंट्री गायक विली नेल्सन, त्याच्या गिटारचा फोटो पाहिला तेव्हा मला हे उलथनं आठवलं. गिटारच्या पोटाला एक गोल भोक असतंच. या गिटारला त्याच्या शेजारी दुसरंही आहे, वेडंवाकडं. कुणी पाडलेलं नाही, वाजवून वाजवून पडलेलं.

कंट्री संगीत म्हणजे मोठ्या टोप्या, घोडे आणि दारूच्या गुत्त्यातलं रडगाणं, असा माझा समज होता. (घोडा इथेही आहेच. रॉय रॉजर्स या गाणाऱ्या काउबॉय नटाच्या घोड्याचं नाव ट्रिगर, तेच विलीने गिटारला दिलं.) 1969 मध्ये टेक्सासमधल्या एका कार्यक्रमात विलीची आधीची गिटार कुणाच्या तरी पायाखाली आली. ती दुरुस्तीला नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या राजधानीत, गेली, पण दुरुस्त होण्यापलीकडची निघाली. मग तिचा पिकप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा भाग, काढून मार्टिन कंपनीच्या एका गिटारमध्ये बसवला आणि विलीने ती न बघता, फोनवरच घेऊन टाकली. साडेसातशे डॉलरना. ही नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार. त्यामुळे नखीचे ओरखडे झेलणारी पट्टी तिच्यावर नसते. आणि हा गडी नखीनेच वाजवणार! मग लाकूड किती टिकणार?

या गिटारच्या स्वरामागे आहे जँगो राइनहार्ट. फ्रान्समध्ये नाव काढलेला हा जिप्सी वादक. आगीत डावा हात भाजला, दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर जॅझ गिटारचा राजा झाला. टेक्सासच्या कापसाच्या शेतात वाढलेल्या विलीला त्याच्या स्वरांसारखा स्वर हवा होता. मला यातलं काहीच 'कंट्री' वाटेना.

विलीचा जन्म 1933 चा, ॲबट नावाच्या खेड्यातला. आईवडील लवकरच सोडून गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. आजोबा लोहार. दोघा म्हाताऱ्यांनी टपालाने येणाऱ्या धड्यांवर संगीत शिकून घेतलं होतं. बहीण बॉबी पियानोवर, धाकटा विली गिटारवर. कापूस वेचताना शेजारच्या ओळींतून काळ्या मजुरांचा ब्लूज आणि मेक्सिकन गाणी ऐकू यायची. रविवारी चर्च. आणि दहाएक वर्षांचा असताना युरोपातून आलेल्या चेक लोकांच्या पोल्का नाचाच्या बँडमध्ये पहिली कमाई. रेडिओवर बॉब विल्स होता, तोही फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, जोडीला जॅझचा ठेका घेणारा. पुढे गायक फ्रँक सिनात्रा. गाण्याची ओळ ठेक्याच्या थोडी मागे रेंगाळू द्यायची, मग झपकन गाठायची, ही विलीची खोड त्याच्याशी नातं सांगते. नॅशव्हिलच्या लोकांना ती बेतालपणाची वाटे. आपल्याकडच्या कानाला मात्र गंमत कळते. गवई समेला येतो की नाही म्हणून श्वास रोखून बसायची आपल्याला सवय आहे.

'क्रेझी' हे गाणं विलीनेच लिहिलं. 1961 मध्ये गायिका पॅट्सी क्लाइनने ते गायलं आणि घराघरांत पोचवलं. त्याच्या स्वतःच्या गळ्याला मात्र चाळिशी उलटेपर्यंत थांबावं लागलं. मग 1978 मध्ये, कंट्रीचा मोठा गायक झाल्यावर, त्याने लहानपणी ऐकलेली जुनी, रेशमी गाणी घेऊन 'स्टारडस्ट' हा अल्बम काढला. कंपनीला धाकधूक होती. रेकॉर्ड तुफान खपली.

1990 मध्ये करखात्याने घरदार जप्त केलं. थकबाकी दीड कोटी डॉलरच्या वर. गिटारही लिलावात जाईल म्हणून त्याने ती आधीच मुलीकडे लपवायला दिली. बाकीचं गेलं तरी चालेल! देणं फेडायला जो अल्बम काढला, त्यात फक्त तो आणि ट्रिगर.

तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजली की जवारी काढून घेतात, पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावतात. ट्रिगरचाही ऑस्टिनमध्ये एक कारागीर आहे, मार्क अर्लवाइन. आतून आधार देतो, वरून लॅकरचा हात फिरवतो. भोक मात्र बुजवत नाही.

विलीने नव्वदी ओलांडली आहे. 2022 मध्ये बॉबी गेली, तोवर ती त्याच्या बँडमध्ये पियानोवर बसायची.

मी डावखुरा. परवा आईला बरं नव्हतं म्हणून पिठलं मी केलं. ते उलथनं माझ्या हातात उलटंच बसलं. झिजलेली कड वर हवेत आणि खालचं पिठलं करपलं. आई आतून ओरडली, "गॅस कमी कर!"