तासांचा कागद

जर्मनीला यायचं डोक्यात असलेल्या नर्स मुलींचे मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, जर्मन किती अवघड आहे?" मी सांगते, अवघड आहे, पण त्याचे गल्लोगल्ली क्लास आहेत. आपल्याच कॉलेजातून तासांचा कागद, म्हणजे काय किती तास शिकलो त्याचा तक्ता, कसा काढायचा, त्याचा क्लास मात्र कुठंच नाही.

माझं थोडक्यात सांगते. २०१६ ला बीएस्सी नर्सिंग झालं, मग पुण्यात सहा वर्षं आयसीयू. २०२२ मध्ये नाइट ड्यूटी सांभाळून जर्मन सुरू केलं. बी-टू पातळीच्या जर्मन परीक्षेत चार भाग, प्रत्येकात साठ टक्के हवेत. माझा लेखनाचा भाग एकदा राहिला, दुसऱ्या खेपेला निघाला. नोकरी तर त्याहून सोपी. दोन व्हिडिओ मुलाखती झाल्या आणि करार मेलवर आला. आईनं लगेच चटण्या करायला घेतल्या.

पण इथं नर्सिंगची पदवी असली म्हणून कुणी नर्स होत नाही. जर्मनीतल्या त्या-त्या राज्याचं कार्यालय तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतं, मगच परवाना. त्यांचा कोर्स तीन वर्षांचा, वर्गात २१०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे २५०० तास. तुमचे किती, ते दाखवा. गुणपत्रिकेतल्या फर्स्ट क्लासचं त्यांना काही नाही. कुठल्या विषयाचे किती तास, कुठल्या वॉर्डात किती तास, असा तक्ता हवा, कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. अर्ज केला मार्च २०२३ मध्ये. तक्ता मान्य झाला ऑक्टोबरमध्ये.

मधल्या सात महिन्यांत माझे वडील, आबा, भिलवडीहून सांगलीला माझ्या कॉलेजात एसटीनं अकरा वेळा गेले. मी पुण्यात ड्यूटीवर, सुट्टी मिळायची नाही, म्हणून ते. पहिल्या खेपेला कारकून म्हणाले, "काका, असा कागद आम्ही कधी दिलेला नाही. फॉरमॅट आणा." जर्मन लोक फॉरमॅट देत नव्हते, ते म्हणायचे कॉलेज ठरवेल. शेवटी मीच एक्सेलमध्ये तक्ता केला आणि आबांच्या हातात प्रिंट दिली. दुसऱ्या खेपेला प्राचार्या मॅडम इन्स्पेक्शनला. तिसऱ्या खेपेला कळलं की आमच्या बॅचचं क्लिनिकलचं, म्हणजे वॉर्डातल्या कामाचं, रजिस्टर तळमजल्यावरच्या कपाटात होतं आणि २०१९ च्या पुरात ते कपाट पाण्यात होतं. आता पुराला काय बोलणार? पण मग तास आणायचे कुठून? कारकुनांनी मार्ग काढला, अभ्यासक्रमात छापलेले तास टाकू. ठीक. टाकले. तर वॉर्डांचे तास नाहीत, आठवडे! मेडिसिन इतके आठवडे, सर्जरी इतके आठवडे. अभ्यासक्रमात कुठं तास, कुठं आठवडे, जसं छापलंय तसंच उतरवलेलं.

मी घाईत तेच भाषांतर करवून पाठवलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: आठवडे म्हणजे किती तास, कृपया कळवावे.

दुसऱ्या तक्त्यात तास आले, पण बेरीज चाळीस तासांनी चुकली. हे कुणी पकडावं? जर्मन कार्यालयातल्या बाईंनी. मी नाही, कॉलेजनं नाही, शपथ घेतलेल्या भाषांतरकारानंही नाही, त्याचं काम जसंच्या तसं उतरवणं. तिसऱ्या तक्त्यात बेरीज बरोबर, पण तीन पानांपैकी शेवटच्याच पानावर सही. आबा फोनवर म्हणाले, "अगं, ते कारकून मला बघितलं की आता चहाच मागवतात." मला रडायला आलं होतं आणि हे चहाचं सांगत होते.

खरा राग कशाचा सांगू? मुदतीचा. नियम असा की कागद पूर्ण झाल्यापासून तीन-चार महिन्यांत निर्णय. हे वाचून मी कॅलेंडरवर जुलै रंगवून ठेवला होता. 'कागद पूर्ण झाल्यापासून' हे तीन शब्द माझ्या डोळ्यांना दिसलेच नाहीत. नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलनं ४११ युरो भरून जलद प्रक्रियेचा अर्ज करता येतो, त्यात निर्णय दोन महिन्यांत, पण तिथंही घड्याळ कागद पूर्ण झाल्यावरच सुरू होतं. आणि इकडं तक्ता अडकलाय तोवर तिकडं बाकीचे कागद शिळे. नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी नीट असल्याचा दाखला), पोलिसांचा दाखला, डॉक्टरचं फिटनेस, आमच्या कार्यालयाला तिन्ही तीन महिन्यांच्या आतले हवे होते. ते मी दोनदा काढले. म्हणून आधी तासांचा कागद हातात घ्या, मग बाकीच्यांच्या मागे लागा. मी उलटं केलं, कारण बाकीचे पटकन मिळत होते आणि काहीतरी पुढं सरकतंय असं वाटायचं.

नावाचं राहिलंच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. परिणाम असा की दोन पत्रं 'श्रीयुत' लावून आबांच्या नावानं आली. मी फोटो पाठवला तर आबा म्हणाले, "मला लागली का नोकरी?" एका पानाचं प्रतिज्ञापत्र करून, ही सगळी नावं एकाच बाईची आहेत असं लिहून, भाषांतर जोडलं तेव्हा थांबलं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही पहिल्या दिवसापासून जोडा.

डिसेंबरात निकाल आला. तूट. वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण आढळत नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. आमच्या अभ्यासक्रमात विषयाचं पूर्ण नाव 'मेडिकल सर्जिकल नर्सिंग, अॅडल्ट इन्क्लुडिंग जेरिअॅट्रिक्स' असं आहे, जेरिअॅट्रिक्स म्हणजे वृद्धांचंच. कॉलेजच्या तक्त्यात रकाना अरुंद पडला म्हणून 'मेडिकल सर्जिकल नर्सिंग' एवढंच राहिलं. आणि तो रकाना मीच आखला होता. एक्सेलमध्ये. कारकुनांवर चिडायची सोयच राहिली नाही.

तूट निघाली म्हणजे संपलं असं नसतं, बहुतेकींची काही ना काही निघतेच. दोन वाटा असतात: काही महिने हॉस्पिटलात शिकत काम करायचा समायोजन कोर्स किंवा ज्ञानपरीक्षा. मी परीक्षा निवडली. घाई होती आणि थोडा माजही होता. व्हिसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, झाला.

एप्रिल २०२४ मध्ये आले. परवाना येईपर्यंत हुद्दा मदतनिसाचा, पगारही त्याचा. सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेली मी सकाळी साडेसहाला आजींच्या पावाला लोणी लावत होते. आपल्याकडं अंघोळ घालणं, बेडपॅन हे मावशी आणि मामा करतात, उरलं तर नातेवाईक. इथं परवाना असलेली नर्सही पेशंटला अंघोळ घालते, आणि घालता घालता कातडी कुठं लाल झालीय, आज पाय उचलताना कण्हली का, हे टिपून घेते. पहिला महिना मला अपमान वाटला. नंतर कळलं की परीक्षेत नेमकं हेच बघतात.

ज्ञानपरीक्षेत तोंडी भाग ४५ ते ६० मिनिटांचा, आणि प्रात्यक्षिकात खरे पेशंट, किमान दोन. नापास झालं तर आणखी एकच संधी. माझ्या पहिल्या आजी ८४ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. आयसीयूच्या सवयीनं माझा हात आधी मॉनिटरकडं गेला, तिथं मॉनिटर नव्हताच. मग आठवलं: दार वाजवायचं, नाव सांगायचं, आता मी काय करणार आहे ते आजींना सांगायचं, पडदा ओढायचा. उजवा पाय धुताना "दुखतंय का" विचारलं तर आजी परीक्षकांकडं बघून म्हणाल्या, "ही चांगली आहे, हिला पास करा." परीक्षक हसले नाहीत. पण पास केलं, नोव्हेंबरात. जानेवारीत परवाना आला, माझ्या नावानं, आडनाव शेवटी.

आता जी गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी होती ती. २०२४ पासून कायदा बदललाय. तास ताडून बघण्याची सगळी तपासणी नको असं लिहून देता येतं आणि सरळ परीक्षेला किंवा कोर्सला जाता येतं. माझ्यानंतर वर्षभरानं आलेल्या मैत्रिणीनं तेच केलं. तासांच्या कागदाशिवाय. तिनं सहज सांगितलं, आणि मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तुमच्या राज्यात हे कसं चालतं ते कार्यालयाला आधी मेल करून विचारा. परदेशातून अर्ज करणाऱ्यांसाठी बॉनमध्ये सरकारी सल्ला केंद्रही आहे, फुकट, इंग्रजीत बोलतात. मला त्याचा पत्ता लागला तेव्हा आबांच्या नऊ खेपा झाल्या होत्या.

तरी तपासणी करूनच घ्यायची असेल, किंवा घ्यावी लागली, तर तक्त्याच्या किमान तीन मूळ प्रती घ्या, प्रत्येक पानावर सहीशिक्का, आणि कॉलेजच्या पायरीवरच मोबाइलवर बेरीज करून बघा.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून त्याच कारकुनांचा फोन आला. "मॅडम, यंदा तिघी जर्मनीला निघाल्यात. तुमची ती एक्सेलची फाइल परत पाठवता का? आमच्याकडची डिलीट झाली." पाठवली. विषयाचा रकाना रुंद करून.