ताडपत्रीखालची इंजिनं

पहाटे निघालो तेव्हाच आभाळ भरून आलं होतं. पण जुन्या इंजिनांचं प्रदर्शन वर्षातून एकदाच भरतं, म्हणून म्हटलं, उघडेल तासाभरात. दोन बस बदलून, शेवटचे तीन किलोमीटर पायी तुडवत फाटकाशी पोचलो तर कर्ण्यावर घोषणा चालू होती : रिंगणातली मिरवणूक रद्द, मळणीचं प्रात्यक्षिक रद्द, मोटारी गवतात उभ्या करू नका. मला मोटार नाही. तेवढी एक काळजी कमी.

मळणी रद्द होणारच होती. मळणीयंत्राचा सांगाडा लाकडी. पेंढ्या ओल्या असल्या की आत गुंडाळतात, आणि इंजिनापासून येणारा लांबलचक पट्टा भिजला की चाकावर नुसता घसरतो. त्या अवाढव्य यंत्रावर ताडपत्री टाकून चार माणसं तिच्या कोपऱ्यांना लटकली होती, कारण वारा ती त्यांच्यासकट उचलू पाहत होता.

पेट्रोलवर चालणारी छोटी इंजिनं एका ओळीत मांडलेली. यातली काही ‘हिट अँड मिस’ जातीची. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, इंजिन न पेटता नुसतं फिरत राहतं; वेग उतरला की पुन्हा एक ठोका. फट्... हुश्श हुश्श हुश्श... फट्. हाच आवाज ऐकायला मी आलो होतो. पण पावसापुढे पहिला बळी यांचाच गेला. मॅग्नेटोत, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागात, ओल शिरली की ठिणगी जिथे पडायला हवी तिथे पडत नाही, ओल्या वाटेने भलतीकडेच निसटते. एक जण मॅग्नेटोचं झाकण काढून आतला भाग शर्टाच्या टोकाने पुसत होता. शर्टही ओलाच.

पलीकडे मात्र एक जर्मन लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर निवांत ठोके देत उभा होता. 1921 साली या नावाचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि त्याची सगळी गंमत पुढच्या तोंडाशी असलेल्या हॉट बल्बमध्ये आहे. इंधन पेटवणारा हा लोखंडी गोळा ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने तापवायचा, मग स्टीअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलच्या मध्यात खोचायचं आणि इंजिन हलवून चालू करायचं. एकदा पेटलं की गोळा आपल्याच उष्णतेवर तापलेला राहतो. ठिणगी नाही, वायर नाही. भिजून बिघडायला काही ठेवलेलंच नाही. फक्त काम न देता फार वेळ नुसतं चालू ठेवलं की गोळा थंडावतो. मालक दर थोड्या वेळाने इंजिनाचा वेग वाढवत होता. पाऊस त्याच्या टोपीवरून गळत होता आणि चेहरा अगदी प्रसन्न.

सगळ्यात जास्त गर्दी वाफेच्या इंजिनांपाशी. कौतुक कमी, ऊब जास्त. बॉयलरच्या अंगाला पाठ लावून आम्ही दहा-बाराजण वाफाळत उभे होतो. वाफेवाल्यांना पाऊस आला म्हणून गाशा गुंडाळता येत नाही. दाब यायला काही तास लागतात, आणि विझवायचं म्हटलं तरी एवढं लोखंड घाईने थंड करून चालत नाही.

समोरचं इंजिन फाउलर कंपनीचं, नांगरटीचं. त्याच्या पोटाखाली वायर दोराचं मोठं रीळ असतं. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करायची आणि दोराने नांगर इकडून तिकडे ओढायचा. का? तर एवढं वजनदार इंजिन मऊ जमिनीत उतरवायचंच नाही म्हणून. आणि आज त्याच इंजिनाचं पुढचं चाक वीतभर रुतलेलं!

मला वाटलं, रुतलं तर रुतलं, बाहेर काढतील. म्हातारे चालक मात्र पाणीपातळीच्या काचेवरून नजर हटवेनात. फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, मागे असतो; पुढची बाजू खचली की बॉयलरमधलं पाणी पुढे सरकतं आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडतं. छतावर पाणी नाही आणि खाली आग, यापेक्षा वाईट काही नाही. तिथे बसवलेला वितळणारा बूच ही शेवटची राखण, पण तो वितळण्याची वेळ कुणालाच यायला नको असते. पोरं चाकापुढे लाकडी ओंडके ठोकत होती. म्हातारे इंजिन चार बोटं पुढे घ्यायचे, थांबायचे, काचेत बघायचे. अर्ध्या तासाने चाक ओंडक्यावर चढलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे हात खिशात होते.

परतताना पेट्रोलच्या ओळीवरून गेलो. शर्टवाल्याचा मॅग्नेटो एकदाचा सुकला असावा. पाणी आत जाऊ नये म्हणून त्याने एक्झॉस्टच्या उभ्या नळीवर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घातला होता, आणि चालू करायच्या घाईत तो काढायचा राहिला. पहिल्याच ठोक्याला डबा उडाला तो थेट शेजारच्या तंबूवर. तोही खुशाल, तंबूवालाही खुशाल, आणि इंजिन : फट्... हुश्श हुश्श हुश्श... फट्.

शेवटची बस चुकली.