१९५२ची शेवरले: हौद्याच्या फळ्या तेलावर आल्या

मंडळी, आमच्या शेवरले पिकअपच्या हौद्याच्या, म्हणजे मागे माल ठेवायच्या भागाच्या, आठही फळ्या रंधून झाल्या आणि कालपासून तेल चढतंय.

हौद्यावर कुणीतरी सपाट पत्रा ठोकला होता. तो उचलला तर खालचं लाकूड हातात भुसा होऊन आलं. कडेने पाणी शिरायचं आणि पत्र्याखाली वाळायला जागाच नव्हती. फळ्यांच्या सांदीत मात्र पिवळी पूड घट्ट बसलेली. नखाने खरवडली, तर हळद! सांगलीच्या यार्डात या गाडीने किती फेऱ्या मारल्या असतील. चिमूटभर डबीत जपून ठेवली आहे.

लाकूड पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं, जुनं सागवान. मिस्त्रींनी आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच होतं. चिरलेल्या फळ्या मध्ये काड्या घालून महिनाभर थप्पीला ठेवल्या.

मग फटीवरून चर्चा झाली. "फट कशाला ठेवताय? माल सांडंल की," मिस्त्री म्हणाले. पण या हौद्याची खरी करामत तीच आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. म्हणून बोल्ट फळीतून जातच नाही. दोन फळ्यांमधल्या फटीतून तो खालच्या आडव्या पट्टीत उतरतो आणि वरची लोखंडी पट्टी दोन्ही फळ्यांच्या कडा दाबून धरते. फटही तिच्याखाली झाकते. बोल्ट अडीच सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणून फट त्याहून किंचित जास्त ठेवली. कडेचा पताम, म्हणजे फळीच्या कडेला कोरलेली खाच, पाहून मिस्त्रींना पटलं.

व्हार्निश मुद्दाम टाळलं. माल घासला की त्याचा थर तडकतो आणि पाणी आत अडकतं. पहिला हात बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे नुसत्या बेलतेलाचे. सुरुवात फळ्यांच्या टोकांपासून आणि खालच्या अंगापासून केली. टोकं तर तेल पितच राहतात. पंधरा मिनिटांनी राहिलेलं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. आणि ती फडकी बादलीत पाण्यात बुडवा. चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली, तर आपोआप तापून पेट घेतात.

आता काम अडलंय वरच्या लोखंडी पट्ट्यांपाशी. सातपैकी दोनच धड आहेत. अमेरिकेत नव्या मिळतात, पण साडेसहा फुटी नग मागवायचा खर्च परवडत नाही. इथेच पत्रा वाकवून घेणार आहे. कुणाकडे न झिजलेली मूळ पट्टी असेल, तर तिच्या उंचवट्याचं माप सुतात कळवा.